अक्का, जज्जसाहेब आणि औषधाचा अंगरखा

आमच्या लॅबमध्ये धुळीला मज्जाव आहे. हवासुद्धा एकामागून एक फिल्टरमधून गाळून आत घेतात, आणि माणसांना आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झबली चढवावी लागतात. पण किस्से? ते कधी कुठल्या फिल्टरला अडलेत का! कॅन्टीनमध्ये एक सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा हजर. मग इडल्या गार होतात आणि कुणीतरी घड्याळ दाखवून उठवतं.

आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर सांगतेच.

म्हैसूरहून नंजनगूडला जाणाऱ्या रस्त्यावर कडकोळची औद्योगिक वसाहत आहे, तिथे आमची छोटीशी लॅब. औषध शोधणारे लोक वेगळे. ते शरीरात नेमक्या जागी पोचवायचं कसं, हे आम्ही बघतो. कॅन्सरचं औषध नुसतं रक्तात सोडलं, तर गाठीपर्यंत पोचण्याआधी ते वाटेत भेटेल त्याला तडाखे देत सुटतं. म्हणून ते अतिसूक्ष्म कणांत भरायचं आणि प्रत्येक कणाभोवती लिपिडचा, म्हणजे चरबीच्या जातीच्या रेणूंचा, पातळ पापुद्रा चढवायचा. आपल्या पेशींची आवरणं याच जातीची असतात, त्यामुळे शरीर त्या कणाला परका म्हणून लगेच हाकलत नाही. सगळी कला त्या पापुद्र्यात आहे.

* * *

हे सगळं मी सासूबाईंना फोनवर समजावून सांगितलं होतं. त्यांच्या हाती 'चरबी' एवढंच लागलं असावं. पुढच्या महिन्यात सांगलीला गेले, तर शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, "काय गं मंजिरी, एवढं शिकून तेलाच्या घाण्यावर का?"

मी चिडले. (मी चिडते. ते पुढे येईलच.) सासूबाईंना समोर बसवून पुन्हा सांगितलं, "आई, आम्ही औषधाला अंगरखा घालतो. इतका बारीक, की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

"अगं, मग असं सांग की!" त्या म्हणाल्या.

गणपतीत गेले तेव्हा गल्लीभर बातमी झाली होती. सूनबाई म्हैसूरला टेलरिंग करते, आणि काम असं बारीक की नुसत्या डोळ्यांना टाका दिसत नाही! जाताना काकूंनी माझ्या हातात ब्लाउजपीस आणि मापाचा ब्लाउज ठेवला. म्हणाल्या, "सावकाश दे, घाई नाही."

* * *

नागेशराव आमचे यंत्रप्रमुख. घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचं, घर अग्रहाराच्या जुन्या वस्तीत, आणि घरात मराठी. मी रुजू झाले त्या दिवशी माझं गाव ऐकून त्यांना इतका आनंद झाला, की ते तडक मराठीतच सुरू झाले. मी हसतमुखाने सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे म्हटलं, "सर, मला अजून कन्नड येत नाही हो."

"अय्यो! मराठीच की मा ते!" नागेशराव म्हणाले.

आता मला त्यांचं मराठी समजतं. परवा तर सांगलीत रिक्षावाल्याला मीच "स्वल्प थांबा" म्हणाले. तो थांबलाही.

तर हे नागेशराव यंत्रांना मॉडेलच्या नावाने हाक मारत नाहीत, नात्याने मारतात. कणांचं द्रावण प्रचंड दाबाने बारीक छिद्रांच्या चाळणीतून पलीकडे काढणारं एक पोलादी यंत्र आहे. ती 'अक्का'. का, तर "रुसते, ओरडते, पण घर तीच चालवते."

आणि कणांचं माप घेणारी पेटी म्हणजे 'जज्जसाहेब'. नमुना आत ठेवला, झाकण लावलं, की आत लेझरचा झोत पडतो आणि थोड्या वेळाने पडद्यावर आलेख येतो. एकच सरळ उंच शिखर आलं, तर सगळे कण एका मापाचे. निर्दोष मुक्तता! शेजारी दुसरं शिखर उगवलं, तर कण एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झालेत. मग फाशी. जज्जसाहेबांपुढे आपण पीएचडी आहोत वगैरे सांगून उपयोग नसतो. ते नमुना बघतात, माणूस बघत नाहीत.

* * *

आमच्या प्रमुख पद्मा मॅडम. बेट्टदपुरच्या. लहानपणी तिथल्या डोंगरावरच्या देवळात चढून जायची सवय, त्यामुळे त्यांना कुठलंच काम उंच वाटत नाही. बोलणं कन्नड-इंग्रजीत, मोजकं, आणि हसणं तर त्याहून मोजकं.

चेतन नवीन होता तेव्हाची गोष्ट. चेतन शिंदे, इथल्याच मराठी घरातला, नुकतंच एमफार्म झालेला. झबलं, टोपी, मास्क, गॉगल चढवल्यावर आत सगळे सारखेच दिसतात. मॅडमची आणि माझी उंचीही एकच. चेतन, त्याच्या समजुतीने, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि मन मोकळं करू लागला.

"मॅडमना काही केलं तरी पुरत नाही. रिपोर्ट दिला तरी नाही, बॅच दिली तरी नाही. आणि तीन महिन्यांत मी त्यांना एकदा पण हसताना बघितलं नाही! माणूस आहेत की काय आहेत?"

शेजारची आकृती शांतपणे ऐकत होती. नमुना ठेवून झाला, झाकण लावून झालं, मग ती म्हणाली, "मी आत्ता हसतेय, चेतन. मास्कमुळे दिसत नाही."

मी पलीकडच्या टेबलाशी होते. माझाही मास्क होता, म्हणून वाचले.

* * *

याच चेतनने युगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, सुट्टीत इतिहास घडवला.

आमची तेव्हाची सगळ्यात चांगली बॅच फ्रीजमध्ये ठेवलेली होती. बाटल्यांवर लिहिलेलं, 'थंड जागी ठेवा'. पोरगा कामसू. सुट्टी जोडून आलेली, त्याला वाटलं, थंड चांगलं तर अतिथंड अधिकच चांगलं! जाता जाता त्याने सगळ्या बाटल्या उचलून फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि निश्चिंत मनाने घरी जाऊन ओबट्टू, म्हणजे इथली पुरणपोळी, खाल्ली.

पाण्याचा बर्फ होताना त्याच्या सुया होतात. लिपिडच्या पापुद्र्याला त्या सुयांपुढे कसला टिकाव! सुट्टीनंतर बाटल्या वितळवून जज्जसाहेबांपुढे ठेवल्या. पडद्यावर एक शिखर नव्हे, अख्खा सह्याद्री उभा!

मी जे काही बोलले ते सांगली स्टँडवर बोलतात तसं होतं. चेतनचं मराठी बेताचं असल्याने निम्मं वाया गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर एक करड्या रंगाची माकडटोपी ठेवलेली होती. शेजारी नागेशराव.

"घाल की रे. फ्रीझरजवळ जातोस, कानाला वारं लागेल."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, निदान दिसेल असं नाही. त्या एकेक आलेख पुन्हा बघत होत्या. मग त्यांनी एक आलेख बाजूला काढला. "या बाटलीतले कण फुटले नाहीत. हिच्यात काय होतं?"

त्या बाटलीत मी दुसऱ्याच एका चाचणीसाठी साखर घातली होती.

साखरेची युक्ती पुस्तकात आहे, आमच्या शोधाची टिमकी वाजवायला नको. गोठवताना, वाळवताना साखर त्या पापुद्र्याला सांभाळून धरते. पण ती आमच्या कणांना चालेल, हे आम्हाला पुस्तकाने नाही सांगितलं, चेतनच्या फ्रीझरने सांगितलं! आता माकडटोपी लॅबच्या बाहेर खुंटीवर असते. चेतन ती कुणाला हलवू देत नाही, पदक असल्यासारखा सांभाळतो.

* * *

साखर घालून कण गोठवायचे, मग पाणी उडवून टाकायचं, की पांढरी भुकटी उरते. लागेल तेव्हा पाणी घाला, कण पुन्हा जसेच्या तसे! निदान तसे ते व्हावेत, यासाठी मॅडम इरेला पेटल्या होत्या.

"मोठ्या शहरात फ्रीज आहे, जनरेटर आहे," त्या म्हणाल्या. "आडगावच्या दवाखान्यात वीज गेली, तर आपला अंगरखा काय कामाचा?"

नागेशरावांना मात्र त्यातली साखर सलत होती. त्यांना मधुमेह. घरी बायकोचा पहारा, इथे मॅडमचा. साखरेच्या डब्याकडे बघत म्हणायचे, "मला बंद, औषधाला चालू! हा काय न्याय आहे मा?"

भुकटी तयार झाली. मॅडमनी कुप्या चेतनच्या हातात दिल्या आणि सांगितलं, "बाईकच्या डिकीत टाक. एच. डी. कोटे गावापर्यंत जा आणि परत ये. भर दुपारी जा. सगळे स्पीडब्रेकर घे, एकही चुकवू नकोस."

खड्डे, स्पीडब्रेकर चुकवत गाडी चालवायची सवय असलेल्या मुलाला हे फार अवघड गेलं म्हणे. परत आला तेव्हा घामाने निथळत होता आणि कुप्या हाताला गरम लागत होत्या. त्यात पाणी घातलं, हलवलं, नमुना जज्जसाहेबांपुढे ठेवला. आम्ही चौघं त्या पडद्यापुढे उभे, मी तर चक्क रामरक्षा म्हणत होते.

एकच शिखर. सरळ, उंच, देखणं!

चेतनने उडी मारली. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. पुन्हा एकच!

त्या दुपारी कॅन्टीनमध्ये नागेशरावांनी कॉफीत दोन चमचे साखर घातली, आमच्या डोळ्यांदेखत ढवळली आणि प्यायले. मी डोळे वटारले, तर म्हणाले, "आत्ता तर बघितलं ना? वाळवताना साखर सांभाळते. मी पण अठ्ठावन्न वर्षं वाळतोय."

* * *

आता जरा गंभीर ऐका, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आमच्या मालकांचे चिरंजीव, विवेक सर, बेंगळुरूला असतात. भुकटीची बातमी ऐकून बघायला आले. पांढरे बूट, पातळ लॅपटॉप, बोलणं गोड. सगळं बघितलं, कौतुक केलं, आणि निघताना दारात म्हणाले, "फ्लास्कमध्ये छान आहे. पण फ्लास्कभर औषधाने कारखाना चालत नाही. टाकीत करून दाखवा. मोठी बॅच, माप हेच, शिखर हेच. दसरा झाला की बघायला येतो."

"आणि नाही झालं तर?" मॅडमनी विचारलं.

"तर कडकोळची लॅब बंद करून बेंगळुरूला नेऊ. मशिनं, माणसं, सगळं. ट्रक सांगून ठेवलाय. ज्यांना यायचंय त्यांना घेऊ."

नवऱ्याची नोकरी इथे, मुलगी इथल्या शाळेत रुळलेली, आणि ही लॅब म्हणजे मला मनासारखं मिळालेलं पहिलं काम. पण माझं एक वेळ निभलं असतं. नागेशरावांचं कसं निभणार? त्यांच्या आई नव्वदीला टेकल्यात. आता त्यांना ते घर आणि समोरचा रस्ता एवढंच ओळखू येतं. खोली बदलली तरी घाबरतात. त्यांना कुठे नेणार, आणि त्यांना सोडून हे कुठे जाणार?

नागेशराव पुढे झाले. आवाज साधाच होता. "सर, अक्का येईल. मी नाही."

परतताना कंपनीच्या बसमध्ये मला इतकं रडू येत होतं की मी खिडकीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेले तर नागेशराव अक्काच्या पोलादी पाठीवर हात ठेवून काहीतरी कुजबुजत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "काय सांगताय तिला?"

"काही नाही, मंजिरम्मा. बेंगळुरूला ट्राफिक फार आहे म्हटलं."

* * *

टाकीतली पहिली बॅच तुंबली. दुसरीही तुंबली. तिसऱ्या वेळी अक्का अशी काही ओरडली की नागेशरावांनी धावत जाऊन तिला बंद केलं. चाळणीवर लिपिडचा पिवळट चिखल साचलेला. जे थोडं पलीकडे आलं होतं त्याला जज्जसाहेबांनी जागच्या जागी फाशी दिली.

फ्लास्कमध्ये जमतं, टाकीत का जमत नाही? टाकीचं तापमान बरोबर, अक्काचं तापमान बरोबर. मग दोष कुणाचा? मी सरळ लिपिड पुरवणाऱ्याला फोन लावला आणि त्याच्या मालाचा, त्याच्या गोदामाचा आणि ओघात त्याच्या शिक्षणाचाही उद्धार केला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, फ्लास्कमध्ये पण माझाच माल आहे ना?" मी फोन ठेवून दिला.

श्रावणातली ढगाळ, गार दुपार. कॅन्टीनमध्ये मी चेतनच्या समोर, तोंड पाडून. चेतन इडलीवर तूप घ्यायला गेला. इथे तूप लांब चोचीच्या बाटलीत असतं. बाटलीतलं तूप पातळ होतं, हलताना दिसत होतं. पण बाटली नेमकी पंख्याखाली होती. चेतनने दाबली, काही नाही. पुन्हा दाबली, काही नाही. मग त्याने दोन्ही हातांनी जीव खाऊन दाबली!

चोचीत थिजलेला तुपाचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि माझ्या नव्या इरकली ओढणीवर येऊन बसला.

मी उभी राहिले. तोंड उघडलं. सांगली स्टँड अगदी ओठांवर आलं होतं. आणि माझी नजर त्या बाटलीवर गेली. बाटलीत पातळ, चोचीत घट्ट.

"नळी!" मी ओरडले.

टाकीपासून अक्कापर्यंत हातभर लांबीची नळी होती. बरोबर एसीच्या झोताखालून जाणारी. टाकी गरम, अक्का गरम, आणि मधली नळी गार! आमचं लिपिड ठरावीक उष्णतेखाली गेलं की असंच घट्ट होतं. फ्लास्कमध्ये नळीच नव्हती, म्हणून तिथे कधी अडलं नाही. टाकीचं तापमान आम्ही शंभरदा बघितलं असेल. नळीचं बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच.

इडल्या तशाच टाकून आम्ही पळालो. नागेशराव ऐकून घेईपर्यंत गळ्यातला मफलर सोडायला लागले. "हा गुंडाळू की नळीला!"

"लोकर आत येणार नाही," मॅडमचा आवाज आला.

मग नागेशरावांनी दोन दिवस खपून त्या नळीवर दुसरी रुंद नळी चढवली आणि दोन्हींच्या मधून गरम पाणी खेळवलं. पुढची बॅच अक्काने हूं की चूं न करता गाळून दिली. अर्धी टाकीच भरली होती, पण शिखर एकच आलं! आता पूर्ण टाकी, आणि तीही विवेक सरांसमोर, एवढंच उरलं.

त्या रात्री फोनवर सासूबाईंनी विचारलं, "शिवणकाम कसं चाललंय?"

"आज नळीला कोट शिवला, आई," मी म्हटलं. प्रथमच मला चीड आली नाही.

* * *

आणि आता आयुधपूजा.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, तसं इथे घरोघरी, दुकानोदुकानी यंत्रं पुजतात. धुवून पुसून, कुंकू लावून, हार घालून. बसला हार, लॉरीला हार, पिठाच्या गिरणीला हार. आणि नागेशरावांच्या घरचा कडक नियम असा, की एकदा पूजेला बसलेलं यंत्र दसरा उजाडेपर्यंत चालवायचं नाही. त्या दिवशी ते स्वतःची स्कूटरसुद्धा ढकलत नेतात.

पण आमच्या लॅबमध्ये कुंकू? मॅडमनी फार पूर्वीच सांगून टाकलंय, "कुंकवाचा एक कण आपल्या कणापुढे चामुंडीची टेकडी आहे. आत येणार नाही." शेवटी तोड निघाली. यंत्रांचे फोटो काढायचे, बाहेर कॉरिडॉरमध्ये टेबलावर मांडायचे आणि त्यांची पूजा करायची. नागेशराव दरवर्षी पूजा करतात आणि दरवर्षी कुरकुरतात. "फोटोची पूजा म्हणजे फोटोतलं जेवण!"

यंदा मात्र त्यांनी अक्काचा फोटो मोठा करून आणला होता. चांगला काचेचा, चौकटीतला. का, ते कुणी विचारलं नाही. दसऱ्यानंतरही अक्का इथेच असेल की नाही, कुणाला ठाऊक होतं?

विवेक सरांपुढचं प्रात्यक्षिक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. नवमीला सकाळी आम्ही सगळे नटूनथटून कॉरिडॉरमध्ये. मी पैठणीत, चेतन पंच्यात (इथे धोतराला पंचे म्हणतात), मॅडम रेशमी साडीत. फोटोला शेवंतीचा घसघशीत हार, पुढे समई, उदबत्तीचा धूर, आणि आम्ही माना खाली घालून, हात जोडून उभे.

आणि दारात विवेक सर! घरच्यांना दसरा दाखवायला आले होते, म्हटलं लॅबवर एक चक्कर मारावी.

त्यांनी फोटो बघितला. हार बघितला. समई बघितली. आमच्या खाली घातलेल्या माना बघितल्या. मग हळूच गॉगल काढला आणि मॅडमजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "हे... कधी झालं?"

"आज सकाळी, सर," मॅडम म्हणाल्या.

"मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

"कळवायचं काय, सर? दरवर्षी होतं."

"दरवर्षी?!"

मग उलगडा झाला आणि हसण्याने कॉरिडॉर दणाणला. विवेक सरही हसले. आणि हसता हसताच म्हणाले, "छान, म्हणजे मशीन ठीक आहे. मग आत्ताच चालवून दाखवा. वडिलांनी निर्णय अलीकडे, उद्यावर आणलाय. मला आज संध्याकाळी उत्तर घेऊन परतायचंय."

हसणं जागच्या जागी बंद पडलं. सगळ्यांच्या नजरा नागेशरावांकडे.

ते फोटोसमोर उभे होते. कपाळावर कुंकू, हातात अजून निरांजन. आयुष्यात त्यांनी हा नियम मोडला नव्हता. आणि इकडे आई, घर, गाव, अक्का, सगळं एका दुपारवर आलेलं. मला वाटलं, पुढे होऊन म्हणावं, मी चालवते. पण अक्का त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

नागेशरावांनी काचेतून आत अक्काकडे बघितलं. मग फोटोकडे. मग निरांजन खाली ठेवून चेतनला विचारलं, "पूजा कुणाची झाली रे?"

"अक्काची की, अंकल."

"अक्का आत आहे. तिला कुंकू लागलंय? हार दिसतोय?"

"नाही, अंकल."

"मग! पूजा झाली फोटोची. आज फोटो चालवायचा नाही." त्यांनी टिश्यू ओला करून कपाळावरचं कुंकू स्वच्छ पुसलं आणि झबली ठेवलेल्या खोलीकडे निघाले. "चला मा. अक्काला आज सुट्टी नाही."

पूर्ण टाकी भरली. गरम पाण्याचा कोट घातलेली नळी जोडली. आत सगळे सारखेच पांढरे. विवेक सर कुठले, हे फक्त वारंवार घड्याळ बघण्यावरून कळत होतं. अक्काने एकदा मोठा सुस्कारा टाकला. नागेशरावांनी तिच्या पाठीवर थोपटून सावकाश जायला सांगितलं, "निधान, निधान." आणि मग ती जी चालू लागली ती टाकी रिकामी होईपर्यंत थांबली नाही.

नमुने तीन घेतले. सुरुवातीचा, मधला, शेवटचा. जज्जसाहेबांपुढे पहिला ठेवला. एक शिखर. दुसरा. एक शिखर. तिसरा ठेवला.

एक शिखर! फ्लास्कमधल्या आलेखावर ठेवला तर वरचा कुठला न् खालचा कुठला कळेना!

चेतन ओरडला, मी ओरडले, पैठणीवर झबलं घालून मी उड्या मारल्या, ते दृश्य देवानेच बघितलं असेल. मॅडम हालल्याही नाहीत. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "मी हसतेय."

बाहेर येऊन विवेक सरांनी मास्क काढला, फोन काढला आणि आमच्याकडे पाठ करून बोलू लागले. "हॅलो, हां, तो कडकोळचा ट्रक सांगितलाय ना? रद्द नको. उद्या निघू दे."

नागेशरावांनी भिंतीला हात टेकला.

"रिकामा कशाला? तिकडचं मोठं मशीन भरून पाठवा. हो, इकडे, कडकोळला. यापुढे बॅच इथेच होणार."

आणि मग असा कल्ला झाला, की गेटवरचा वॉचमन पूजेत फोडायला आणलेला कोहळा हातात घेऊनच आत धावत आला. चेतनने त्यालाच मिठी मारली. मी रडत होते आणि डोळे पुसतही नव्हते.

नागेशरावांनी मात्र समईतली वात सारखी केली, धोतराने डोळे टिपले, मग विवेक सरांच्या कोपराला हळूच हात लावला. फोन अजून चालूच होता.

"सर, ट्रक निधान येऊ दे, घाई नाही," ते म्हणाले. "त्या मशीनचा फोटो तेवढा आत्ता पाठवायला सांगा."